जिवाणू मरतो, पण रक्तही फुटतं : पेप्टाइडची साखळी ओवताना

गोदाकाठची | ३ ऑगस्ट, रात्री १०:२०

मोठ्या चुलत्यांचा कल्चर रिपोर्ट माझ्या फोनमध्ये अजून आहे. काढून टाकावासा वाटत नाही. गेल्या वर्षी तुरीच्या रानात त्यांच्या पायात सड घुसला. त्यांना साखर आहे, पाय बधिर असतात, त्यामुळे तीन दिवस कळलंच नाही. मग गावातल्या दवाखान्यातून गोळ्या आणल्या. चार दिवसांनी त्या बदलून दुसऱ्या. ठणका कमी झाला म्हणून त्याही बंद. महिनाभरात जखमेला वास यायला लागला, तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं आणि पू तपासायला गेला. कागदावर आलं क्लेब्सिएला न्यूमोनी. खाली चौदा औषधांची नावं, त्यांतल्या तेरांपुढे 'आर'. म्हणजे ती औषधं त्या जिवाणूला लागू पडत नाहीत. राहिलं एकटं कोलिस्टिन, त्याच्यापुढे 'आय', म्हणजे लागू पडेल याची खात्री नाही, आणि ते किडनीला जड जातं हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं. पाय वाचला. दोन बोटं गेली.

मी तेव्हा पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात होते, इथेच, मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात. विषय नेमका हाच : प्रयोगशाळेत रचलेली जिवाणूनाशक पेप्टाइडं. तोवर माझ्यासाठी क्लेब्सिएला म्हणजे उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधली एक नळी होती. त्या रिपोर्टनंतर ती नळी हातात घेताना वेगळं वाटतं. या विषयावर मराठीत फारसं कुठे वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. प्रथिनं याच कड्यांची बनतात, फक्त ती फार लांब असतात. जिवाणू मारणारी बहुतेक पेप्टाइडं १० ते ५० कड्यांची. हे हत्यार माणसाने शोधून काढलेलं नाही, ते सजीवांकडे आधीपासून आहे. आपल्या घामात आहे, कातडीत आहे, पांढऱ्या पेशींत आहे. १९८१ साली स्वीडनमध्ये हान्स बोमन यांच्या गटाने एका मोठ्या रानरेशमी पतंगाच्या कोशात जिवाणू टोचले आणि त्याच्या अंगातल्या पाण्यातून सेक्रोपिन नावाचं पेप्टाइड वेगळं केलं. १९८७ साली अमेरिकेत मायकल झॅस्लॉफ यांच्या लक्षात आलं की प्रयोगातल्या आफ्रिकी बेडकांचं पोट उघडून, टाके घालून त्यांना परत गढूळ पाण्यात सोडलं तरी जखम चिघळत नाही. त्यांनी बेडकाच्या कातडीतून २३ कड्यांची दोन पेप्टाइडं काढली आणि नाव दिलं मॅगेनिन. हिब्रूत 'मागेन' म्हणजे ढाल.

ते मारतं कसं, हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा रात्रभर झोप नव्हती. जिवाणूच्या पटलाच्या, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाच्या, बाहेरच्या अंगावर ऋण भार असतो. आपल्या पेशींचं बाहेरचं अंग जवळपास भारहीन असतं, शिवाय त्यात कोलेस्टेरॉल असल्याने ते घट्ट असतं. पेप्टाइडवर धन भार. म्हणून ते जिवाणूकडे ओढलं जातं, आपल्याकडे कमी. पटलाला चिकटलं की ते पिळदार होतं, जिन्यासारखं. त्या पिळाची एक बाजू पाण्याला धरून राहते, दुसरी तेलाला. तेलकट बाजू पटलात घुसते, पटल विस्कटतं, आतलं सगळं बाहेर गळतं. बरीचशी नेहमीची अँटिबायोटिक्स जिवाणूतल्या एखाद्याच प्रथिनावर बसतात. ते प्रथिन जरासं बदललं की औषध वाया. पटल बदलणं एवढं सोपं नाही, म्हणून पेप्टाइडला प्रतिकार येत नाही.

आता रचना. पिळाच्या एका फेऱ्यात ३.६ कड्या बसतात, म्हणजे प्रत्येक कडी आधीच्या कडीपासून १०० अंश वळते. मी कागदावर वर्तुळ काढते आणि कड्या मांडत जाते : धन भाराचं लायसिन एका अंगाला येईल असं, तेलकट ल्युसिन दुसऱ्या अंगाला, मध्ये सीमेवर ट्रिप्टोफॅन. माझी पहिली साखळी १४ कड्यांची होती. पांढऱ्या कापसासारखी भुकटी कुपीत आली. क्लेब्सिएलावर टाकली. सकाळी प्लेटमधले खड्डे निळेच. (आम्ही रेझाझुरिन नावाचा रंग टाकतो. जिवाणू जिवंत असले तर निळ्याचा गुलाबी होतो.) मी माझ्या गाइड बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, "रक्तावर बघितलंस का?"

रक्तावर बघितलं. तांबड्या पेशी शाबूत असल्या तर नळी फिरवल्यावर तळाशी लाल ठिपका बसतो आणि वरचं पाणी स्वच्छ राहतं. माझ्या नळीत तळाशी काहीच नव्हतं. सगळं पाणी सरबतासारखं लाल. जेवढ्या मात्रेत जिवाणू मेला त्याच्या दुप्पट मात्रेत माणसाचं रक्त फुटलं.

दीड वर्ष झालं, मी याच गाठीवर अडकले आहे. मारणं सोपं आहे. ओळखून मारणं अवघड आहे. विचारा काय विचारायचं ते.

---

बालाघाट | ३ ऑगस्ट, रात्री ११:०५

ताई, मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. पिळाचं वर्तुळ उद्या फळ्यावर काढणार. एक शंका. हे गोळी म्हणून का घेता येणार नाही?

---

गोदाकाठची | ३ ऑगस्ट, रात्री ११:३०

सर, कारण पोटाला ते डाळीतल्या प्रथिनासारखंच दिसतं आणि पचून जातं. आतड्यातलं ट्रिप्सिन नेमकं लायसिन आणि आर्जिनिन या कड्यांनंतर कापतं. आणि धन भार आणायला आम्ही ओवतो त्याच या कड्या. जिथे ताकद तिथेच कात्री. जखमेतल्या पुवातही असे कापणारे एन्झाइम असतात, त्यामुळे मलम केलं तरी हा प्रश्न सुटत नाही.

एक वाट अशी : अमिनो आम्लांची डाव्या-उजव्या हातासारखी दोन रूपं असतात. निसर्गातली प्रथिनं डाव्या रूपाची, ज्याला एल म्हणतात. साखळी उजव्या, डी रूपाच्या कड्यांची ओवली तर कात्रीला ती पकडता येत नाही. पटल मात्र अशी निवड करत नाही, त्यामुळे मारण्याची ताकद बहुधा टिकते. डी कड्या महाग पडतात.

---

तुतीबाग | ४ ऑगस्ट, सकाळी ६:१५

नमस्कार. गेवराईकडं माझं एक एकर तुती हाय, शेड हाय. तुमी पतंगाचं लिहिलं ते वाचून राहवलं न्हाई. आमच्या रेशीम अळीत बी असलं औषध असतंय का? असंल तर मग बॅचच्या बॅच कशामुळं जायलीय? मागच्या एप्रिलमधी दोनशे अंडीपुंज आणले, चौथी कात टाकली आन् अळ्या पिवळ्या पडून फुटायल्या. पाच दिवसांवर कोष होते. जालन्याच्या बाजारात न्यायला एक किलो निघाला न्हाई. त्याच्या आदल्या बॅचला अळ्या मऊ पडल्या व्हत्या तवा एकानं सांगितल्यावरनं पाल्यावर अँटिबायोटिक शिंपडलं व्हतं. ह्या खेपंला तेबी करून बघितलं, फरक शून्य.

---

गोदाकाठची | ४ ऑगस्ट, सकाळी ९:४०

दादा, नुकसान वाचून वाईट वाटलं. आमच्याकडेही तुती आहे, भाऊ बघतो. पाच दिवसांवर आलेली बॅच जाणं म्हणजे काय ते घरात पाहिलंय.

हो, आपल्या रेशीम अळीतही असतं. सेक्रोपिन असतं आणि मोरिसिन नावाचं ४२ कड्यांचं दुसरंही, जे १९९५ साली जपानी शास्त्रज्ञांनी याच अळीत शोधलं. पण तुम्ही सांगता ती लक्षणं, पिवळी पडून अंग फुटणं, पांढरट पाणी येणं, ही ग्रासरीची. ग्रासरी विषाणूचा रोग आहे. विषाणू अळीच्या पेशीच्या आत शिरून वाढतो, तिथे जिवाणूचं पटल फोडणारं हत्यार काय करणार? अँटिबायोटिकही जिवाणूवरच चालतं, म्हणून पाल्यावर शिंपडून फरक पडला नाही आणि पडणारही नव्हता. तो खर्च वाया गेलाच, शिवाय शेडमधल्या बाकीच्या जिवाणूंना त्या औषधाची ओळख झाली.

मऊ पडून, हगवण लागून मरतात ती फ्लॅचरी. त्यात जिवाणूंचा हात असतो, पण तीही बहुतेक एप्रिल-मेच्या उष्म्यात, दमट किंवा शिळ्या पाल्यावर सुरू होते. शेडचं तापमान, निर्जंतुकीकरण, चुना, मेलेल्या अळ्या लगेच वेचून पुरणं, याला पर्याय नाही. कृपा करून पुढच्या बॅचला पाल्यावर औषध नको.

---

वैद्यक_मन | ४ ऑगस्ट, दुपारी ३:१०

मी मराठवाड्यातच सर्जरी करतो. मधुमेही पाय आठवड्याला किती बघतो याचा हिशेब ठेवणं सोडलंय. धागा मनापासून आवडला, म्हणूनच एक वाक्य खोडायला सांगतो : "पेप्टाइडला प्रतिकार येत नाही."

येतो. कोलिस्टिन काय आहे? तेही पेप्टाइडच, वलयाकार, चरबीची शेपटी असलेलं, आणि ते पटलावरच मारा करतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधून एमसीआर-१ जनुकाची बातमी आली, डुकरांत आणि माणसांत. हे जनुक जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावर असा एक गट जोडतं की तिथला ऋण भार कमी होतो. तुमचं सगळं गणित ज्या ओढीवर उभं आहे ती ओढच ढिली पडते. आणि ते जनुक प्लास्मिडवर होतं, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारं. स्टॅफिलोकोकसही आपल्या पटलाला लायसिन जोडून भार बदलतो.

दुसरं म्हणजे तुम्ही ज्या मॅगेनिनचं कौतुक लिहिलंत त्याचंच सुधारलेलं रूप पेक्सिगॅनन, २२ कड्यांचं, मधुमेही पायाच्या जखमेसाठीच मलम म्हणून आलं होतं. माझ्याच रुग्णांसाठी. १९९९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मंजुरी दिली नाही, कारण ते उपलब्ध गोळ्यांपेक्षा सरस ठरलं नव्हतं. मुरेपाव्हाडिन हे पेप्टाइडसारखंच दुसरं औषध स्युडोमोनास जिवाणूवर फार नेमकं चालायचं, त्याच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचण्या २०१९ मध्ये किडनीच्या त्रासामुळे थांबवल्या. हे सगळं मी नाउमेद करायला लिहीत नाही. मला हे औषध हवंय. पण नव्या मुलामुलींनी अपयशाची यादी आधी वाचावी असं मला वाटतं.

---

गोदाकाठची | ४ ऑगस्ट, सायंकाळी ७:५०

सर, तुमचं बरोबर आहे. ते वाक्य मी मागे घेते. "प्रतिकार सहसा सावकाश येतो" एवढंच म्हणायला हवं होतं. रात्री भरात लिहून गेले.

पेक्सिगॅननची गोष्ट मला माहीत आहे आणि तीच मला झोपू देत नाही. तिथे रक्त फुटण्याची अडचण नव्हती. जखमेत लावल्यावर ते आहे त्याहून चांगलं ठरलं नाही, एवढंच. प्रयोगशाळेत आम्ही मांसरसात जिवाणू वाढवतो. खऱ्या जखमेत मीठ आहे, रक्तद्रव आहे, पू आहे, आणि जिवाणू एकटे नसतात, चिकट थर करून बसलेले असतात. मिठाचे सुटे धन भार पेप्टाइडच्या आधी जाऊन पटलावर बसतात. रक्तद्रवातली प्रथिनं पेप्टाइडला धरून ठेवतात. म्हणून मी आता प्रत्येक साखळी माणसाच्या सीरममध्येही (रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पाण्यात) तपासते. बरेच शोधनिबंध हा भाग गाळतात याचा मला राग येतो.

---

मांजरा | ४ ऑगस्ट, रात्री ९:१५

माझं बाळ एनआयसीयूत १९ दिवस होतं. सातव्या महिन्यात झालेलं. क्लेब्सिएला हा शब्द मी तिथेच पहिल्यांदा ऐकला. आमच्या हाती बाळ लागलं नाही. सहा वर्षं झाली. तुम्ही लिहिता ते सगळं कळलं नाही, पण पूर्ण वाचलं, दोनदा.

---

गोदाकाठची | ४ ऑगस्ट, रात्री ९:४०

ताई, काय लिहू कळत नाही. तुम्ही इथे लिहिलंत, वाचलं. उद्या प्लेट लावताना तुमची आठवण असेल.

---

लालकंधारी | ५ ऑगस्ट, सकाळी ८:००

मी जनावरांचा डॉक्टर, लोह्याच्या बाजूला. माणसांच्या दवाखान्याइतकाच हा प्रश्न गोठ्यात आहे. गाय दगडीने (कासेच्या सुजेने) आजारी पडली की मालक स्वतःच सडात ट्यूब सोडतो, दोन दिवस दूध नीट दिसलं की तिसरी ट्यूब कपाटात. औषध सुरू असताना आणि नंतरचे ठरलेले दिवस दूध डेअरीला घालू नये हे सांगून सांगून घसा बसतो. कोलिस्टिन कोंबड्यांच्या खाद्यातून वाढीसाठी दिलं जायचं. जुलै २०१९ मध्ये केंद्राने अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्यावर बंदी आणली, ही मला गेल्या काही वर्षांतली सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते.

पेप्टाइड म्हणजे परदेशी काहीतरी असं वाचणाऱ्यांना वाटू नये म्हणून सांगतो. निसिन हे ३४ कड्यांचं पेप्टाइड लॅक्टोकोकस लॅक्टिस नावाचा दुधातला जिवाणू बनवतो. चीज आणि डबाबंद पदार्थ टिकवायला ते कित्येक दशकं वापरात आहे. दगडीवरही त्याचे प्रयोग झालेत. आणि इंडोलिसिडिन तर गोवंशाच्याच पांढऱ्या पेशीतलं, फक्त १३ कड्यांचं. आपल्या लाल कंधारी आणि देवणी जनावरांच्या या पेप्टाइडांवर कुणीतरी काम करावं असं फार वाटतं.

---

कोडकर | ५ ऑगस्ट, दुपारी १:३०

मूळचा लातूरचा, पुण्यात डेटाचं काम करतो. एक कळलं नाही. १४ जागा, प्रत्येक जागी २० पर्याय, म्हणजे २० चा १४ वा घात. हे वर्तुळावर हाताने मांडत बसायचं? २०२१ मध्ये आयबीएमच्या गटाने मशीन लर्निंगने नव्या साखळ्या सुचवून घेतल्या, २० बनवून तपासल्या, दोन चांगल्या निघाल्या, आणि हे सगळं ४८ दिवसांत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सेसार दे ला फुएन्ते यांचा गट तर निअँडरथल आणि मॅमथच्या प्रथिनांतून पेप्टाइडं शोधतोय. तुम्ही मॉडेल का वापरत नाही?

---

गोदाकाठची | ५ ऑगस्ट, रात्री १०:१०

वापरते. आणि त्यातला एक आधार आपल्या घरचाच आहे : मुंबईत परळला आयसीएमआरची जी प्रजनन आरोग्य संशोधन संस्था आहे, तिथल्या लोकांनी २०१० पासून 'कॅम्प' नावाचा पेप्टाइडांचा संग्रह उभा केलाय. तो जगभर वापरला जातो. माझी प्रत्येक साखळी आधी तिथे तपासून मगच मागवते.

पण मॉडेल ज्यावर शिकतं ते बघा. कोणती साखळी जिवाणू मारते याची माहिती भरपूर छापली जाते. कोणती साखळी काहीच करत नाही, याची जवळजवळ नाही. अपयश कोण छापतं? रक्त फुटण्याची माहिती त्याहून विस्कळीत : कुणी मेंढीचं रक्त घेतलं, कुणी माणसाचं, कुणी तासभर ठेवलं, कुणी रात्रभर. म्हणून मॉडेलने "मारेल" म्हटलं की मी बराचसा विश्वास ठेवते, "रक्ताला सुरक्षित" म्हटलं की नाही. अगदी साध्या गोष्टी निकाल बदलतात. धन भाराचं पेप्टाइड पॉलिस्टायरीनच्या प्लेटला चिकटून बसतं, म्हणून प्लेट पॉलिप्रॉपिलीनची लागते. हे मला चार महिन्यांनी कळलं. तोवरचे आकडे फेकून द्यावे लागले.

तरी तुम्हाला मदत करायची असेल तर मी खरंच विचारतेय : माझ्याकडे ३१ साखळ्यांचे रक्ताचे आणि सीरमचे आकडे आहेत, फसलेल्यांसकट. बाईंना विचारून तुम्हाला पाठवू का?

---

कोडकर | ५ ऑगस्ट, रात्री १०:२५

पाठवा. फसलेल्या आधी.

---

औषधवाला | ६ ऑगस्ट, रात्री ९:५०

माझं मेडिकल आहे, तालुक्याच्या गावी. आमच्यावरही बोट येणार हे माहीत आहे म्हणून स्वतःहून लिहितो. एच-वन या सरकारी यादीतल्या औषधाची, त्यात काही अँटिबायोटिक्सही आली, चिठ्ठी बघून वहीत नोंद करायची असते, तीन वर्षं वही ठेवायची असते. मी ठेवतो. पण रोज संध्याकाळी पाच-सहा जण येतात : "पाचच गोळ्या द्या." ऊसतोडीला निघालेला माणूस, मजुरीतून औषध घेतोय. अख्खा कोर्स घे म्हटलं तर पुढच्या दुकानात जातो. त्याला दोष देता येत नाही आणि त्या पाच गोळ्यांनी काय होतं तेही आता दिसतंय. तुमचं औषध आलं तर त्याची किंमत किती असेल? डी कड्या महाग पडतात म्हणता, मग ते आमच्या गिऱ्हाइकाला परवडेल का?

---

गोदाकाठची | ७ ऑगस्ट, सकाळी ७:३०

दादा, हा प्रश्न मला आमच्या विभागात कुणी विचारला नव्हता.

साखळी यंत्रात ओवली जाते, दाण्यांवर एकेक कडी चढवत, शेवटच्या टोकाकडून सुरुवातीकडे. ही पद्धत ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ मध्ये दिली, त्यासाठी १९८४ चं नोबेल मिळालं. प्रत्येक कडीला तीच धुलाई, तीच रसायनं. म्हणून लांबी कमी करणं हाच खर्च कमी करण्याचा सरळ उपाय. मी १४ वरून ११ वर आले ते याच कारणाने. तरीही ते तुमच्या पाच गोळ्यांच्या भावात येणार नाही, निदान बराच काळ. माझ्या मनात आहे ते मधुमेही पायाच्या ड्रेसिंगमधलं थोडंसं, जिथे मिलिग्रॅममध्ये भागेल.

---

गोदाकाठची | २१ ऑगस्ट, रात्री ११:४५

ज्यांनी व्यनितून (खाजगी निरोपातून) विचारलं त्यांच्यासाठी. अकरा कड्यांच्या साखळीत मी तेलकट बाजूच्या बरोबर मधोमध एक ल्युसिन काढून तिथे लायसिन बसवलं. कागदावर हे चुकीचं वाटतं, तेलात पाणी घातल्यासारखं. पण त्याने साखळी आपल्या पेशीच्या घट्ट पटलात खोल शिरू शकत नाही, जिवाणूच्या पटलाला मात्र तेवढंही पुरतं. ही युक्ती माझी नाही, आधी इतरांनी दाखवलेली आहे. मी ती माझ्या साखळीवर लावली.

आज रक्ताची नळी फिरवली. तळाशी लाल ठिपका. वरचं पाणी स्वच्छ. जिवाणू मारायला लागतं त्याच्या सोळापट मात्रेतही स्वच्छ. मी चार वेळा उजेडाला धरून पाहिलं. चुलत्यांना फोन केला, ते झोपले होते, काकूंना सांगितलं.

सीरमची प्लेट आत्ता लावून आले. सकाळी नऊला बघायची.

---

बालाघाट | २२ ऑगस्ट, सकाळी ९:२०

ताई, काय झालं?

---

गोदाकाठची | २२ ऑगस्ट, सकाळी १०:०५

साध्या मांसरसातली ओळ निळी. सीरमची ओळ गुलाबी, पहिल्या खड्ड्यापासून शेवटच्या खड्ड्यापर्यंत. सीरमने साखळी कापली तरी असणार, नाहीतर धरून ठेवली असणार. कोणतं ते कळायला साखळी सीरममध्ये ठेवून दर तासाला मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर) बघावी लागेल, तुकडे दिसले तर कापली. त्याचा नंबर मंगळवारी लागलाय. तोवर हीच साखळी पूर्ण डी कड्यांत मागवतेय.

---

वैद्यक_मन | २२ ऑगस्ट, दुपारी २:३०

यायला किती दिवस?

---

गोदाकाठची | २२ ऑगस्ट, दुपारी २:४०

तीन आठवडे, सर.